शहराच्या लाडक्या प्राण्याचं ज्ञानकोशात पान व्हावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादं मांजर, कुत्रं किंवा घुबड शहराच्या ओळखीचं होतं. लोक त्याला नाव देतात, वाट वाकडी करून बघायला जातात आणि एक दिवस कुणीतरी विकिपीडियावर त्याचं पान तयार करतं. लगेच त्यावर ‘पानकाढा’ साचा, म्हणजे हे पान काढून टाकावं असं सुचवणारी पट्टी, लागतो आणि त्या पानाला जोडलेल्या चर्चा पानावर वादाला तोंड फुटतं. खालचे प्रश्न अशा वादांत हमखास येतात. उत्तरं विकिपीडियाच्या रीतीला धरून दिली आहेत. जिथे मत माझं आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

सगळं शहर त्याला ओळखतं. मग पुरावा कसला मागता?

शहर ओळखतं हे खरंच असेल. पण ज्ञानकोश वाचणारा माणूस त्या शहरातला नसतो, आणि पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याने तर त्या प्राण्याचं नावही ऐकलेलं नसेल. त्याला पडताळून पाहता येईल असं काहीतरी हातात द्यावं लागतं. ज्ञानकोशात लिहिणारा माणूस साक्षीदार म्हणून लिहीत नाही. इतरांनी तपासून, छापून ठेवलेलं तो एकत्र मांडतो. ज्याच्याबद्दल कुणी काही लिहूनच ठेवलेलं नाही, त्याचं पान लिहायचं तर स्वतःच्या आठवणींवर लिहावं लागतं, आणि पान तिथेच फसतं.

म्हणून ‘हा प्राणी पानाच्या लायकीचा आहे का’ असा प्रश्न घेऊन वाद घालू नये. लायकी प्राण्याची मोजलीच जात नाही. त्याच्याबद्दलचं लिखाण पान उभं राहण्याइतकं आहे का, एवढंच बघायचं असतं. हे नीट समजावून सांगितलं की दुखावलेली माणसं बरीचशी शांत होतात, कारण आपल्या लाडक्या जिवाला कुणी कमी लेखत नाही हे त्यांना कळतं.

उल्लेखनीयता म्हणजे नेमकं काय?

विषयाची भरीव दखल, ती विश्वासार्ह ठिकाणी, आणि विषयाशी हितसंबंध नसलेल्या लोकांनी घेतलेली. प्रजातींच्या पानांसाठी निकष वेगळे आहेत. एकेकट्या प्राण्याला मात्र हीच सर्वसाधारण कसोटी लागते, म्हणजे दुकानाला, पुलाला किंवा माणसाला लागते तीच.

‘भरीव दखल’ कशाला म्हणायचं? माझ्याकडे सात कात्रणं आहेत.

कात्रणं मोजू नका, वाचा. समजा, मोत्या नावाच्या कुत्र्याबद्दल सात कात्रणं जमली. पहिलं म्हणजे एक छायाचित्र आणि खाली एक ओळ: ‘उन्हाच्या तडाख्यात विसावलेला मोत्या’. यातून पानासाठी काहीच मिळत नाही. दुसरं आणि तिसरं वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतलं, मथळे वेगळे, पण मजकूर शब्दन् शब्द सारखा, कारण दोघांनीही वृत्तसंस्थेची एकच बातमी घेतली आहे. ही दोन कात्रणं मिळून एकच स्रोत होतो. चौथ्यात लसीकरण मोहिमेची बातमी आहे आणि मोत्याचं नाव शेवटून दुसऱ्या वाक्यात एकदाच येतं. पाचवं पुरवणीतलं, एका कंपनीने पैसे देऊन छापलेलं, मोत्याच्या गळ्यात त्या कंपनीचा पट्टा. सहावं रविवारच्या अंकातलं अर्धं पान: मोत्या कुठून आला, कोणाच्या ओट्यावर राहिला, बाजारातल्या लोकांनी त्याच्यासाठी वर्गणी कशी काढली, त्याला हलवण्यावरून काय तंटा झाला. सातवं दोन वर्षांनंतरचं, दुसऱ्या वर्तमानपत्राच्या वार्ताहराने स्वतः जाऊन लिहिलेलं, त्याच तंट्याच्या निकालाबद्दल.

सातांतून हाती लागली दोन. पण ही दोन खणखणीत आहेत. त्यांच्या आधाराने तीन-चार परिच्छेद प्रामाणिकपणे लिहिता येतात, आणि वेगवेगळ्या काळातली असल्यामुळे ‘एका दिवसाची हवा’ हा आक्षेपही टिकत नाही. माझ्या मते मोत्याचं पान राहावं. चर्चेत मात्र सातही दुवे एकदम ओतू नका. हीच दोन ठेवा आणि त्यांत काय आहे ते दोन ओळींत सांगा. कच्च्या दुव्यांच्या ढिगाखाली चांगले दुवे गाडले जातात, आणि पहिले तीन उघडून निराश झालेला सदस्य सहावा उघडतच नाही.

एकदा देशभर बातमी झाली होती. तेवढं पुरतं का?

सहसा नाही. एका घटनेपुरती आलेली बातमी वर्तमानपत्राचं काम पूर्ण करते. ज्ञानकोशाला त्यापुढे काय झालं हे हवं असतं.

हाचिकोचं उदाहरण मी नेहमी देतो, कारण त्यात दखलेचे थर स्वच्छ दिसतात. तोक्यो इम्पीरियल विद्यापीठातले शेतीविषयाचे प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो २१ मे १९२५ रोजी वारले. त्यांचा अकिता जातीचा कुत्रा पुढे जवळजवळ दहा वर्षं शिबुया स्थानकावर येत राहिला. यातली पहिली सात वर्षं तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना माहीत होता, पण त्या बाहेर नाही. ऑक्टोबर १९३२ मध्ये ‘आसाही शिंबुन’मध्ये त्याच्यावर लेख आला आणि तो जपानभर माहीत झाला. एप्रिल १९३४ मध्ये त्याचा कांस्य पुतळा बसवला गेला, तोही तो जिवंत असताना. ८ मार्च १९३५ ला तो मेला. युद्धात पुतळा धातूसाठी वितळवला गेला, १९४८ मध्ये मूळ शिल्पकाराच्या मुलाने नवा घडवला. पेंढा भरलेला हाचिको तोक्योच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयात आहे. जतन करून ठेवलेल्या अवयवांची तपासणी होऊन त्याला कर्करोग होता असं संशोधकांनी २०११ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर पाऊण शतकाने जाहीर केलं.

१९२८ साली ज्ञानकोश लिहिणाऱ्याला हाचिकोचं पान करता आलं नसतं. निष्ठा तेव्हाही तेवढीच होती. लिखाण नव्हतं.

म्हणजे प्राणी मेल्यावरच पान करायचं?

असं अजिबात नाही. पण मृत्यूच्या आठवड्यात केलेली पानं सर्वांत कच्ची असतात हेही खरं. श्रद्धांजलीच्या बातम्यांत जुन्या चुका नव्याने छापल्या जातात, आणि दुःखात असलेली माणसं चर्चा पानावर एकमेकांना नको ते बोलून जातात. धूळपाटीवर, म्हणजे आपल्या खात्यातल्या कच्च्या लिखाणाच्या पानावर, मसुदा ठेवावा, महिनाभर थांबावं, मग बघावं.

थांबण्याने काय मिळतं ते फ्लॅको नावाच्या घुबडाने दाखवलं. २ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयात कुणीतरी त्याच्या पिंजऱ्याची जाळी कापली आणि हा युरेशियन गरुडघुबड शहरात उडाला. त्या आठवड्यात त्याच्यावर काही सांगण्यासारखं होतं ते एवढंच. मग बंदिवासात वाढलेला हा पक्षी स्वतः उंदीर मारून जगायला शिकला आणि वर्षभर शहरात मोकळा राहिला. २३ फेब्रुवारी २०२४ ला तो एका इमारतीच्या आवारात पडलेला सापडला. शवविच्छेदनात कबुतरांतून आलेल्या विषाणूचा गंभीर संसर्ग आणि उंदीर मारण्याच्या चार प्रकारच्या विषांचे अंश निघाले. त्यानंतर शहरातल्या काचेच्या इमारती आणि उंदरांचं विष यांवर रीतसर चर्चा झाली, पक्ष्यांना सुरक्षित अशा इमारतींसाठीच्या एका विधेयकाला त्याचं नाव दिलं गेलं. आता फ्लॅकोचं पान वाचणाऱ्याला एका घुबडाबरोबर शहराचीही माहिती मिळते. अशी पानं मला सर्वांत मोलाची वाटतात.

एकदा उल्लेखनीय ठरलेला प्राणी लोक विसरले तर पान जातं का?

नाही. दखल एकदा पुरेशी घेतली गेली की ती कायमची मानली जाते.

पुतळा उभारला आहे. आता तरी?

पुतळा हा भक्कम इशारा आहे, पण पुरावा पुतळ्याबद्दलच्या लिखाणातून येतो. कुणीही स्वखर्चाने अंगणात पुतळा बसवू शकतो. नगरपालिकेने ठराव करून बसवला, वृत्तपत्रांनी सविस्तर लिहिलं, तर गोष्ट वेगळी.

इस्तंबूलची तोंबिली ही मांजरी फुटपाथच्या कडेला कोपर टेकून बसल्याच्या एका छायाचित्रामुळे जगभर पसरली. ती ऑगस्ट २०१६ मध्ये मेली. लोकांनी मागणी लावून धरली आणि ४ ऑक्टोबर २०१६ रोजी, जागतिक प्राणी दिनी, ती बसायची त्याच जागी तिचा त्याच ऐटीतला पुतळा बसला. नोव्हेंबरात तो चोरीला गेला, बोंब झाली, आणि परत आला. छायाचित्र हा एक टप्पा, मागणी दुसरा, पुतळा तिसरा, चोरी चौथा, आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या लोकांनी लिहिलं. नुसतं छायाचित्रच असतं तर मी पानाच्या बाजूने बोललो नसतो.

सोशल मीडियावर त्याचे लाखो अनुयायी आहेत.

अनुयायांचा आकडा विकत घेता येतो, आणि खरा असला तरी तो काही सांगत नाही. त्या खात्यावरचा मजकूर प्राण्याच्या मालकाने किंवा चाहत्याने लिहिलेला असतो, म्हणून तो स्वतंत्र स्रोत नाही. एखाद्या पत्रकाराने त्या खात्यावर लेख लिहिला तर तो लेख चालेल.

कथा प्रसिद्ध आहे, पण ती खरी आहे का याची खात्री नाही. काय करावं?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि सर्वांत सुंदरही. निष्ठावान कुत्र्याची, राजकारणात उतरलेल्या मांजराची कथा लोकांना इतकी हवी असते की ती तपासायला कुणी जात नाही.

एडिंबरोचा ग्रेफ्रायर्स बॉबी घ्या. जॉन ग्रे १८५८ मध्ये वारला, त्याचा कुत्रा त्याच्या थडग्यापाशी चौदा वर्षं राहिला, १८७२ मध्ये मेला, आणि पुढच्याच वर्षी त्याचा पुतळा असलेलं कारंजं उभं राहिलं. ही झाली प्रचलित कथा. यान बाँडेसन या अभ्यासकाने २०११ मध्ये मांडलं की हे प्रत्यक्षात दोन कुत्रे असावेत: पहिला मेल्यावर त्याच्या जागी दुसरा आणला गेला, कारण बघायला येणाऱ्यांमुळे आसपासच्या लोकांची कमाई होत होती. पान लिहिणाऱ्याने यातली एक बाजू निवडायची नसते. कथा कधीपासून छापली गेली, कुणी काय तपासलं, कुणी काय आक्षेप घेतला, हे क्रमाने द्यायचं.

अलास्कातल्या टॉकीट्ना गावचा स्टब्ज हा बोका वर्षानुवर्षं ‘महापौर’ म्हणून मिरवला. लोकांनी मतपत्रिकेवर हाताने त्याचं नाव लिहून त्याला निवडून दिलं, असं जगभरच्या बातम्यांत आलं. पण त्या गावाला स्वतःची नगरपालिकाच नाही, त्यामुळे महापौरपदाची निवडणूक होण्याचा प्रश्नच येत नाही. स्टब्जचं पान तरीही असावं, कारण त्याची दखल भरपूर आहे. फक्त ‘निवडून आला’ हे वाक्य तथ्य म्हणून येता कामा नये.

आपल्याकडे रायगडावरच्या वाघ्याच्या बाबतीत हीच शिस्त लागते. गडावर समाधी आहे आणि तिच्यावरून वाद झाले, या गोष्टींना लेखी आधार आहे, त्या तथ्य म्हणून लिहाव्या. स्वामींच्या चितेत उडी घेतल्याची कथा मात्र कथा म्हणूनच लिहावी, आणि ती कोण, कशाच्या आधारे सांगतो किंवा नाकारतो ते नाव घेऊन सांगावं. इथे घाईने लिहिलेलं एक विशेषण पानाला महिनोन्‌महिने भांडणात अडकवू शकतं.

तो तोच प्राणी आहे, हे कसं ठरवायचं?

हा मुद्दा फार कमी लोकांच्या लक्षात येतो. माणसाकडे कागदपत्रं असतात. शहरातल्या मोकळ्या प्राण्याकडे रंग, जागा आणि लोकांची खात्री एवढंच असतं, आणि तिन्ही फसवी आहेत.

न्यूयॉर्कमधला पेल मेल हा लाल शेपटीचा ससाणा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून शहरात दिसू लागला आणि फिफ्थ अव्हेन्यूवरच्या एका उंच इमारतीवर घरटं करून राहिला. डिसेंबर २००४ मध्ये इमारतीच्या मंडळाने घरटं काढून टाकलं तेव्हा रस्त्यावर निदर्शनं झाली आणि घरट्याची जागा परत करावी लागली. मे २०२३ मध्ये पेल मेल मेल्याची बातमी आली. पण या जातीचे ससाणे तीस वर्षं क्वचितच जगतात, आणि त्याच्या पायात ओळखीचं कडं नव्हतं. मेलेला पक्षी तोच होता का, की जागा केव्हाच दुसऱ्या नराने घेतली होती, यावर पक्षीनिरीक्षकांतच मतभेद आहेत. पानात मृत्यूची तारीख लिहिताना हे सांगितलंच पाहिजे.

उलट लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये राहणाऱ्या पी-२२ या पहाडी सिंहाच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता. दोन मोठे महामार्ग ओलांडून तो तिथे आला असला पाहिजे हे अभ्यासकांनी मांडलं, २०१२ पासून डिसेंबर २०२२ पर्यंत त्याच्यावर लक्ष होतं, आणि प्राण्यांसाठी महामार्गावर पूल बांधण्याच्या मोहिमेचा तो चेहरा झाला. त्याच्या ओळखीबद्दल शंकेला जागा नाही.

आपल्या भागातला ‘तो पंधरा वर्षांचा वळू’ किंवा ‘ती जुनी माकडीण’ यांच्याबद्दल लिहिताना हा फरक मनात ठेवा. ‘स्थानिक वृत्तपत्रांच्या मते तोच’ एवढं लिहिलं तरी पान प्रामाणिक राहतं.

मांजरावर पान म्हणजे ज्ञानकोशाची थट्टा नाही का?

नाही, आणि हा आक्षेप मला मनापासून चुकीचा वाटतो. लाइका मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री होती. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी ती स्पुतनिक-२ मधून पृथ्वीभोवती गेली आणि परत आली नाही. ऑक्टोबर १९५९ मध्ये साओ पाउलोच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीत काकारेको नावाच्या गेंड्याच्या मादीला सुमारे १ लाख मतं पडली, कारण लोक उमेदवारांवर चिडले होते. त्या निवडणुकीचा इतिहास तिला वगळून लिहिताच येत नाही. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या झंजीर या लॅब्रॅडॉरने १९९३ च्या साखळी स्फोटांच्या काळात स्फोटकं हुडकली. २००० साली तो गेला तेव्हा त्याला मानाने निरोप दिला गेला.

‘प्राणी आहे’ म्हणून पान काढा असं म्हणणं आणि ‘गोड आहे’ म्हणून ठेवा असं म्हणणं, ही दोन्ही मतं स्रोतांकडे न बघता दिलेली असतात. दोन्हींना चर्चेत वजन नसावं.

स्वतंत्र पान नको, पण माहिती वायाही जाऊ नये. मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो पुष्कळदा जास्त चांगला असतो. प्राणी ज्या चौकाशी, मंदिराशी, स्थानकाशी, उद्यानाशी जोडलेला आहे त्या जागेच्या पानात एक परिच्छेद लिहा आणि प्राण्याच्या नावाने पुनर्निर्देशन करा, म्हणजे ते नाव शोधलं की हेच पान उघडेल असं करा. शोधणारा बरोबर तिथे पोचतो. पुढे लिखाण वाढलं तर परिच्छेद उचलून वेगळं पान करता येतं.

जपानमधल्या किशी स्थानकाची तामा या वाटेवरचं चांगलं उदाहरण आहे. २००७ च्या जानेवारीत या मांजरीला स्टेशनमास्तर नेमलं गेलं. त्या वर्षी स्थानकाच्या पानातली दोन वाक्यं तिला पुरेशी होती. मग तिच्यामुळे बंद पडू घातलेल्या रेल्वेमार्गावर प्रवासी वाढले, २०१० मध्ये स्थानकाची इमारत मांजराच्या चेहऱ्याच्या आकाराची बांधली गेली, २०१५ मध्ये ती मेल्यावर नितामा तिच्या जागी आली. एवढं झाल्यावर तामा स्थानकाच्या पानात मावत नाही.

परिच्छेदाला कमीपणा मानू नका. चार वाक्यांचं एकाकी पान कुणी वाचत नाही. चौकाच्या पानातला परिच्छेद चौकाबद्दल वाचायला आलेला प्रत्येक जण वाचतो.

मी रोज त्याला खाऊ घालतो. पान मीच लिहू का?

लिहायला बंदी नाही, पण ओढ कुठे आहे हे चर्चा पानावर आधी सांगा, आणि स्वतःला माहीत असलेलं पण कुठेच न छापलेलं काही पानात घालू नका. त्याला कोणता कोपरा आवडतो हे तुम्हालाच ठाऊक असेल, तरीही नाही.

तुमच्या हातात याहून मोलाचं काम आहे. छायाचित्रं काढा, तारीख आणि जागा लिहून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर, मुक्त परवान्याखाली (कुणालाही वापरता येतील अशी) चढवा. पान नसलं तरी ती तिथे राहतात. पुतळ्याचं छायाचित्र असेल तर कॉपीराइटचं बघा: भारतात सार्वजनिक जागी कायमचं बसवलेलं शिल्प टिपायला मुभा आहे, काही देशांत त्या छायाचित्राच्या व्यावसायिक वापरावर बंधनं आहेत. स्थानिक वार्ताहराला किंवा शहराच्या इतिहासावर लिहिणाऱ्याला तुमच्याकडची माहिती द्या. त्यांनी तपासून छापली की ती स्रोत होते. फक्त पान व्हावं म्हणून बातमी ‘लावून’ घेऊ नका, ते लगेच ओळखू येतं.

पानामुळे प्राण्याला त्रास होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि याचा विचार पान करण्याआधी व्हावा. घुबडाच्या ढोलीची नेमकी जागा, घरट्याचा मजला, भटक्या कुत्र्याची रात्रीची झोपायची जागा, हे कुठे छापून आलं असलं तरी पानात देण्याची गरज नसते. त्याची काळजी घेणाऱ्या साध्या माणसांची नावंही देऊ नयेत. भटक्या प्राण्यांना खाऊ घालण्यावरून शेजाऱ्यांत टोकाची भांडणं होतात, त्यात कुणाचं नाव कायमचं चिकटवणं अन्यायाचं आहे.

प्रसिद्ध प्राण्यावर आळही येतो. इस्तंबूलचा बोजी हा कुत्रा २०२१ मध्ये ट्राम, मेट्रो आणि बोटींतून एकटा प्रवास करतो म्हणून नावारूपाला आला. त्याच वर्षी ट्राममधल्या आसनावर विष्ठा सापडली आणि बोट त्याच्याकडे दाखवलं गेलं. कॅमेऱ्याचं चित्रण पाहिल्यावर कळलं की एका माणसानेच ती खिशातून काढून तिथे ठेवली होती. पहिल्या बातमीवर कुणी पानात वाक्य घातलं असतं तर ते किती दिवस राहिलं असतं, कोण जाणे. प्राण्याला खुलासा करता येत नाही. त्याच्याविरुद्धचा आरोप दोन स्वतंत्र ठिकाणी तपासून आल्याशिवाय लिहू नका.

पानात लिहायचं कसं?

‘मोत्या म्हणजे शहराचा जीव की प्राण असून त्याच्या डोळ्यांत माणुसकी दिसते’ हे वाक्य पान काढायला आलेल्या सदस्याच्या हाती कोलीत देतं. त्याऐवजी ‘मोत्या हा अमुक बाजारात राहणारा भटका कुत्रा होता. त्याला बाजारातून हलवण्याच्या निर्णयाला व्यापाऱ्यांनी विरोध केला’ असं लिहा, पुढे संदर्भ द्या. वाचणाऱ्याला माया आपोआप कळते. पानाच्या कडेच्या माहितीचौकटीत खात्रीचं तेवढंच भरा, जन्मतारीख ठाऊक नसेल तर रकाना रिकामा राहू द्या.

इंग्रजीत पान आहे, म्हणजे मराठीत आपोआप चालेल?

नाही. प्रत्येक भाषेतला विकिपीडिया आपले निर्णय आपण घेतो. इंग्रजी पानातले स्रोत मात्र तुम्हाला वापरता येतात, स्रोत कोणत्या भाषेत आहे याला महत्त्व नाही. उलट दिशाही ध्यानात ठेवा: मराठी वर्तमानपत्रांत भरपूर आलेला पण इंग्रजीत एकही ओळ नसलेला प्राणी मराठीतच काय, इंग्रजी विकिपीडियावरही चालू शकतो. ‘इंग्रजी माध्यमांनी दखल घेतली नाही’ हा आक्षेप कुणी घेतला तर तो मान्य करू नका.

‘पानकाढा’ साचा लागला आहे. आता काय करू?

आधी साचा स्वतः काढू नका. चर्चा पानावर जा, सर्वांत चांगले दोन-तीन स्रोत ठेवा आणि प्रत्येकात प्राण्याबद्दल किती मजकूर आहे ते सांगा. मित्रांना बोलावून ‘पान ठेवा’ असं लिहायला लावू नका: निर्णय डोकी मोजून होत नाही, आणि नव्याकोऱ्या खात्यांची रांग लागली की प्रचालक (पानं काढण्याचा अधिकार असलेले सदस्य) साशंक होतात. जुनी वर्तमानपत्रं इंटरनेटवर नसतील तर ग्रंथालयातल्या अंकाचं नाव, तारीख आणि पान क्रमांक द्या. दुवा नसलेला संदर्भही पूर्ण संदर्भ असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि त्यापायी चांगली पानं जातात.

साचा लावणाऱ्याने आधी स्वतः शोधायला हवं होतं, असं वाटलं तर तसं सभ्यपणे म्हणा. नावाची दोन-तीन शुद्धलेखनं धुंडाळून न बघता साचा लावणं हा आळस आहे, असं माझं मत.

पान काढलं गेलं. विषय संपला?

त्या दिवशीच्या स्रोतांपुरता संपला. मसुदा आपल्या धूळपाटीवर जपून ठेवा. नवा लेख, पुस्तकातलं प्रकरण, एखादा अभ्यास हाती आला की त्यासह प्रचालकाला विचारा किंवा चावडीवर, म्हणजे सर्वांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, मांडा. तेच पान तसंच्या तसं पुन्हा चढवलं तर ते चर्चेविनाच काढलं जाईल.